हिंदी चित्रपटांतील प्रौढ स्त्री : वय, नाते आणि नाम

हिंदी बोलपटाच्या इतिहासात प्रौढ स्त्रीच्या दोन ठरीव प्रतिमा वारंवार आढळतात : एक त्यागमूर्ती माता आणि दुसरी छळवादी सासू. या प्रतिमा वार्धक्याच्या निरीक्षणातून निर्माण झाल्या असाव्यात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चित्रपटांच्या सनावळ्या मात्र या समजुतीस दुजोरा देत नाहीत. पडद्यावरील स्त्रीस वार्धक्य येते ते वयाने नव्हे, नात्याने. आणि ते आले की तिचे नाव मागे पडते.

ही दोन्ही रूपे घडविण्यात मराठी अभिनेत्रींचा वाटा मोठा आहे. लीला चिटणीस या 'कंगन' (१९३९), 'बंधन' (१९४०) व 'झूला' (१९४१) या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत अशोककुमार यांच्या नायिका होत्या. 'शहीद' (१९४८) या चित्रपटात त्या दिलीपकुमार यांच्या, तर 'आवारा' (१९५१) मध्ये राज कपूर यांच्या आई झाल्या. नायिकेची माता होण्यास अवघी सात वर्षे पुरली. अशोककुमार मात्र 'हावडा ब्रिज' (१९५८) मध्येही नायकच होते.

ललिता पवार यांची कथा याहून उद्बोधक आहे. १९४२ साली एका प्रसंगाच्या चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला व डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. पुढे 'दहेज' (१९५०) सारख्या चित्रपटांतून तोच डोळा दुष्ट सासूचे लक्षण ठरला. अपघाताची खूण ही स्वभावाची खूण मानली गेली. वस्तुतः त्याच अभिनेत्रीने 'श्री ४२०' (१९५५) मधील केळेवाली व 'अनाडी' (१९५९) मधील मिसेस डि'सा या प्रेमळ स्त्रिया तितक्याच सामर्थ्याने उभ्या केल्या.

वय आणि नाते यांची ही फारकत पुढेही टिकून राहिली. 'मदर इंडिया' (१९५७) मधील माता नर्गिस व पुत्र सुनील दत्त या दोघांचाही जन्म १९२९ च्या जून महिन्यातील. वहिदा रेहमान 'कभी कभी' (१९७६) मध्ये अमिताभ बच्चन यांच्या पत्नी होत्या. 'त्रिशूल' (१९७८) मध्ये त्या त्यांच्या आई झाल्या. राखी तर 'शक्ति' (१९८२) मधील आपल्या पडद्यावरील पुत्राहून, म्हणजे बच्चन यांच्याहून, पाच वर्षांनी लहान होत्या.

या प्रक्रियेचे भाषिक रूप 'दीवार' (१९७५) मधील सुप्रसिद्ध संवादात स्पष्ट दिसते. थोरला भाऊ आपली मालमत्ता मोजून दाखवितो. धाकटा उत्तरादाखल आईचा उल्लेख करतो. हिंदीत नात्याचा संबंध सामान्यतः 'का-की-के' या प्रत्ययांनी दर्शविला जातो, आणि हस्तांतरणीय वस्तूंचा 'के पास' ने. मराठीतही 'मला दोन भाऊ आहेत' आणि 'माझ्याजवळ घड्याळ आहे' असा भेद आहेच. आई धाकट्याकडे राहते, हा अर्थ तेथे आहे, यात शंका नाही. तथापि बंगला व मोटार यांच्या मागोमाग येताच आईही मालमत्तेच्या यादीत जाऊन बसते. तिचा गौरव होतो तो त्या यादीतील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणून. कथेत तिला सुमित्रा हे नाव आहे. परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात उरली ती केवळ 'माँ'.

चित्रपटगृहाबाहेर, घरबसल्या पाहिल्या जाणाऱ्या मालिकांच्या काळात या प्रतिमेस तडे गेले आहेत. 'पंचायत' (२०२०) या मालिकेत नीना गुप्ता यांनी रंगविलेल्या मंजू देवी या फुलेरा गावाच्या निर्वाचित प्रधान आहेत; पण कारभार पती पाहतो आणि 'प्रधानजी' हे संबोधनही त्यालाच मिळते. पहिल्या पर्वाच्या अखेरीस, २६ जानेवारीच्या प्रसंगी, त्या मोठ्या प्रयासाने पाठ केलेले राष्ट्रगीत अडखळत का होईना, स्वतः म्हणतात. येथे प्रौढ स्त्रीची कसोटी तिच्या वात्सल्याने वा क्रौर्याने नव्हे, तर तिच्या सार्वजनिक उच्चाराने होते.

परिवर्तन पूर्ण झाले, असे मात्र म्हणता येत नाही. पुढील पर्वांतही गावाच्या तोंडी 'प्रधानजी' म्हणजे पतीच आहे. म्हणूनच या प्रतिमांचा अभ्यास करताना प्रौढ स्त्रीस भूमिका किती मिळाल्या, एवढेच मोजून भागणार नाही. तिला कोण, कोणत्या नावाने हाक मारतो, हेही नोंदविले पाहिजे.