दुर्गंध, शहर आणि सत्ता

सुक्या मासळीचा वास कोळीवाड्यात कोणाला खटकत नाही. तोच वास एखाद्या सोसायटीच्या जिन्यात आला की त्यावरून सभा भरते. वास तोच असतो, बदलते ते त्याच्या भोवतीचे परिसराचे संदर्भवर्तुळ. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2005 मध्ये एकच गंध कधी ‘चीज’ आणि कधी ‘अंगाचा वास’ असे शब्द दाखवून लोकांना हुंगायला दिला. पहिल्या नावाने तो अधिक सुखद वाटला. म्हणजे गंधाचा अर्थ केवळ नाकात ठरत नाही. माणसे त्या अर्थानुसार वागतात, आणि कधीकधी कायदेही करतात. या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील लंडन आणि मुंबई-पुणे यांच्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

त्या काळात वैद्यकावर दूषित हवेच्या उपपत्तीचा पगडा होता. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दुर्गंधीयुक्त हवा हेच रोगाचे कारण, अशी बहुतेकांची धारणा होती. लंडनमधील आरोग्यसुधारणांचे अध्वर्यू एडविन चॅडविक हे या मताचे खंदे पुरस्कर्ते. घराखालच्या मैलाखड्ड्यांतील घाण घरापासून दूर गेली की रोगही जाईल, या विश्वासाने 1848 नंतर ती गटारांवाटे थेम्स नदीत सोडण्यात आली. घरातला वास कमी झाला. पण अनेक लंडनवासी त्याच नदीचे पाणी पीत होते. 1848-49 च्या पटकीच्या साथीत त्या शहरात 14 हजारांहून अधिक माणसे दगावली. 1854 मध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखवून रोग पाण्यातून येतो असे मांडले, पण ते फारसे कोणाला पटले नाही. पाण्याला वास नव्हता, हवेला होता!

पुढे 1858 चा कडक उन्हाळा आला. थेम्सच्या काठावरच उभ्या असलेल्या पार्लमेंटच्या नव्या इमारतीत बसणे अशक्य झाले. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगण्यात आले. अर्थमंत्री डिझरायली नाकाला रुमाल लावून समितीच्या दालनातून बाहेर पडले. वर्षानुवर्षे खर्चाच्या आणि अधिकाराच्या वादात अडकलेला प्रश्न एकाएकी निकडीचा झाला आणि त्याविषयीचे विधेयक मांडल्यापासून अवघ्या 18 दिवसांत कायदा संमत झाला. दहा वर्षांतल्या हजारो मृत्यूंना जे साधले नव्हते ते दुर्गंधाने साधले. आणि तेही तो सत्तेच्या दालनात शिरला तेव्हाच.

जोसेफ बॅझलगेट यांनी बांधलेल्या भुयारी गटारांमुळे पटकी ओसरली. उपपत्ती चुकीची होती, पण कृती योग्य ठरली. कारण वासाबरोबर मैलाही पिण्याच्या पाण्यापासून दूर गेला. 1866 मध्ये पटकीने पुन्हा डोके वर काढले ते मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जिथे ही व्यवस्था अद्याप पूर्ण झालेली नव्हती. तिथे 5 हजारांहून अधिक बळी गेले. ही वस्ती गरिबांची होती, हे वेगळे सांगायला नको.

आता मुंबईकडे वळू. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू 1894 मध्येच सापडला होता, परंतु तो पसरतो कसा हे अद्याप कळले नव्हते. अज्ञानाच्या या पोकळीत जुनी धारणा टिकून राहिली. दाट, अंधारी, कोंदट वस्ती हेच संशयाचे स्थान ठरले. गटारांत आणि घरांत कार्बोलिक ओतले गेले, भिंतींना चुना फासला गेला, हवा यावी म्हणून छपरे उघडली गेली. उंदरांवरच्या पिसवांची भूमिका पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवली, पण ती सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.

लंडनमध्ये सत्ताधाऱ्यांचेच नाक त्रासले आणि त्यांनी शहराखाली गटारे बांधली. पुण्यात 1897 मध्ये सत्तेने लोकांच्या घरात सैनिक पाठवले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांच्या मर्यादा मोडल्या गेल्या. ज्या घराला आतली माणसे पवित्र मानीत होती, तेच घर बाहेरच्या अधिकाऱ्याच्या लेखी रोगाचे आगर होते. या संतापाची परिणती 22 जून 1897 रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाली, हे सर्वज्ञात आहे. मुंबईत 1898 मध्ये सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते आखले गेले. मात्र पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे सुरुवातीला फार कमी बांधली गेली, आणि विस्थापितांची गर्दी शेजारच्या चाळींत वाढली. हवा खेळली, माणसे मात्र अधिकच कोंडली.

दुर्गंधाविषयीची तक्रार नेहमीच खोटी नसते, हे लंडनने दाखवले. परंतु तिचे निवारण घाणीवर होते की घाणीत राहावे लागणाऱ्या माणसांवर, हे नाक ठरवत नाही; ते नाक कोणाचे आहे, यावर ठरते. आपल्याकडे मैला वाहणाऱ्या आणि कातडे कमावणाऱ्या जातींनी हा भेद पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. काम सर्वांच्या सोयीचे, वास मात्र त्यांच्या नावावर! ‘गोलपिठा’ 1972 मध्ये आला तेव्हा अनेक वाचकांनी नाक मुरडले. ती प्रतिक्रिया वाङ्मयीन अभिरुचीची होती की परिसराविषयीच्या जुन्या भयाची, हा प्रश्न वर्गात विद्यार्थ्यांसमोर ठेवायला हवा. आणि त्याआधी स्वतःलाही विचारायला हवा.