राणीच्या बागेतली झाडे

शाळेची सहल राणीच्या बागेत जाते ती हत्ती-माकडे पाहायला. १८६२ साली भायखळ्याची ही बाग खुली झाली ती मात्र वनस्पतींसाठी. प्राणिसंग्रहालय १८९० चे. ब्रह्मदेशाची उर्वशी, आफ्रिकेची गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती येथे एकत्र नांदतात. आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना आधी ही नावेच खुणावतात. परक्या झाडाच्या फुलात कुणाला तरी नागफण्याखालचे शिवलिंग दिसले आणि झाड कैलासपती झाले, यावर वनस्पतिशास्त्राचा नि भाषेचाही एक अख्खा तास घेता येईल! २००७ मध्ये प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची योजना आली, तेव्हा नागरिक झाडांच्या बाजूने उभे राहिले. २०१७ पासून मुलांची रांग पेंग्विनांपुढे लागते. उर्वशीखाली शिक्षक क्वचितच थांबतात.