उरलेल्यांचे वैर : बऱ्हाणपूर, १६३१

झोंबीच्या कथांत प्रेते उठून जिवंतांना खातात. तथापि वाचकास अखेर भय वाटते ते वाचलेल्या माणसांचेच. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या चित्रपटात एका घरात अडकलेली माणसे तळघरात लपावे की वर राहून दारे राखावी, यावरून भांडतात. आणि रात्रभर तगलेला नायक सकाळी प्रेतांच्या पारिपत्यास आलेल्या टोळीच्या गोळीने मरतो. मराठीत ‘झोंबी’ म्हणजे एकमेकांना भिडून केलेली झटापट, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

आमच्या मुलखास ही कल्पना परकी नाही. खकनार ज्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात मोडते, त्याच भूमीवर ती एकदा घडून गेली आहे. १६३० साली गुजरात व दक्षिणेत पावसाने दगा दिला. दक्षिणेच्या मोहिमेसाठी शाहजहान तेव्हा बऱ्हाणपुरास तळ देऊन होता; मुमताजमहल जून १६३१ मध्ये तेथेच बाळंतपणात वारली. दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, माणसे माणसांना खाऊ लागली, मायेपेक्षा पोराचे मांस गोड झाले. हे विधान सर्वत्र उद्धृत होते. आम्हांस मात्र त्याच्या आधीचा तपशील अधिक बोलका वाटतो: बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले जाई, आणि पिठात मेलेल्यांच्या हाडांची पूड मिसळली जाई. म्हणजे नरमांसभक्षणाचा उल्लेख येण्यापूर्वीच बाजारातील विश्वास संपला होता. ज्याच्या हातचे पीठ घ्यावयाचे त्याच्याकडेच संशयाने पाहावे लागे.

लाहोरीची लेखणी धन्याचे औदार्य गाणारी होती, हे विसरून चालणार नाही. बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये, असे २० सोमवार मिळून एक लाख रुपये वाटले गेले, हेही तोच नोंदवितो. याउलट १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्यास निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी वाटेत मुले विकणाऱ्या आया पाहतो, आणि बादशाही छावणीत मात्र त्यास सर्व जिन्नसांची रेलचेल दिसते. आमच्या मते वैराचे मूळ येथे आहे. धान्य मुळीच नव्हते असे नाही. ते लष्कराच्या पहाऱ्यात होते. भुकेल्याचा हात त्या कोठारापर्यंत पोहोचत नसे, शेजाऱ्याच्या झोपडीपर्यंत सहज पोहोचे. झोंबीच्या कथाकारांनी हा पहारा बहुधा वगळला आहे. म्हणून त्यांच्या कथांत दोष केवळ मनुष्यस्वभावाच्या माथी येतो.

त्याच सुमाराच्या दुष्काळात देहूस तुकोबांचे दिवाळे निघाले, पत्नी अन्नावाचून गेली. त्यांच्याकडेही लोकांची येणी होती, आणि येणे हेही शेजाऱ्याच्या झोपडीत शिरण्याचे एक साधनच. परंपरा सांगते की, कर्जखतांचे दोन वाटे करून तुकोबांनी आपला वाटा इंद्रायणीत बुडविला. दुसरा वाटा धाकटे बंधू कान्होबा यांचा होता. तो त्यांनी कान्होबांच्या स्वाधीन केला.