मान्सूनचा अंदाज आणि त्याचा आलेख : कालश्रेणी प्रतिगमनाचा ऐतिहासिक आढावा
अहमदनगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. अकोले तालुक्यातील घाटघर-भंडारदरा परिसरात पाऊस धो धो कोसळतो, तर पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. १८७६-७८ आणि १९७२ च्या दुष्काळांच्या झळा सोसलेल्या या जिल्ह्यात ‘यंदा पाऊस किती?’ हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. पेरणी, दावणीची जनावरे आणि सोसायटीचे कर्ज त्याच्याशी बांधलेले असते. या प्रश्नाचे उत्तर भारतात शंभराहून अधिक वर्षे प्रामुख्याने प्रतिगमन समीकरणाने दिले गेले. ते उत्तर एका आकड्यात मांडावे की शक्यतांच्या आलेखात, याचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

समीकरणाचा उगम

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि त्यानंतरचा पाऊस यांत व्यस्त संबंध मांडला व त्या आधारे १८८६ मध्ये पहिला अधिकृत दीर्घ पल्ल्याचा अंदाज दिला. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. मूळचे गणितज्ञ असलेल्या वॉकर यांनी जगभरच्या हवामान नोंदींचे भारतीय पावसाशी असलेले सहसंबंध तपासले आणि १९०९ मध्ये प्रतिगमन समीकरणावर आधारित अंदाज सुरू केला. पुढे संपूर्ण भारताऐवजी द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे विभाग करून अंदाज देण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली. विशेष म्हणजे, असंख्य सहसंबंधांतून सर्वांत मोठा निवडला तर तो केवळ योगायोगानेही मोठा दिसू शकतो, हा इशारा त्यांनी १९१४ मध्येच दिला होता.

आलेखाचा धडा

१९२७ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे ठरले. इंग्लंडमध्ये उडनी यूल यांनी सूर्यावरील डागांच्या अभ्यासात श्रेणीचे आजचे मूल्य तिच्याच मागील मूल्यांवरून मांडले. १९३१ मध्ये वॉकर यांनी ही पद्धत विस्तारली. आज ती ‘यूल-वॉकर समीकरणे’ या नावाने शिकवली जाते. त्याच १९२७ मध्ये रशियात येवगेनी स्लुत्स्की यांनी सरकारी कर्जाच्या सोडतीतील आकडे घेऊन त्यांच्या फिरत्या बेरजा आलेखावर मांडल्या. निव्वळ यादृच्छिक आकड्यांतून व्यापारचक्रासारख्या लाटा उमटल्या. कृत्रिम श्रेणी घडवून तिचा आलेख काढण्याचा हा आरंभीचा आणि बोलका प्रयोग होय. दुष्काळ ठरावीक वर्षांनी येतो, या लोकसमजुतीकडेही त्यामुळे सावधपणे पाहावे लागते.

अनुरूपित प्रतिसादाची पद्धत

एका काल्पनिक उदाहरणाने ही पद्धत स्पष्ट करता येईल. विहिरीची यंदाची पाणीपातळी ही गतवर्षीची पातळी आणि यंदाचा पाऊस यांवर अवलंबून आहे आणि गतवर्षीच्या पातळीचा गुणांक ०.५ आहे, असे मानू. एका वर्षी पाऊस हुकल्याने पातळी १ मीटरने घटली, तर पुढील वर्षी पाऊस सरासरीइतका होऊनही ०.५ मीटर, त्यापुढील वर्षी ०.२५ मीटर तूट उरते. सर्व वर्षांतील तुटीची बेरीज २ मीटरच्या जवळ जाते. गुणांकांच्या कोष्टकात हा लांबलेला परिणाम चटकन दिसत नाही.

शिवाय ०.५ हा गुणांक स्वतःच अंदाजित असतो. म्हणून गुणांकांच्या संभाव्य मूल्यांतून संगणकाद्वारे, समजा, १००० संच यादृच्छिकपणे निवडतात, प्रत्येक संचावरून पुढील वर्षांचा मार्ग काढतात, आणि मधली रेषा व तिच्याभोवतीचा ९५ टक्क्यांचा पट्टा आलेखावर दाखवतात. गॅरी किंग, मायकेल टॉम्झ आणि जेसन विटेनबर्ग यांच्या २००० मधील लेखाने सांख्यिकीय निष्कर्ष अशा रीतीने मांडण्याचा आग्रह सामाजिक शास्त्रांत रुजवला.

२००२ चा अनुभव

१९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे १६ घटकांचे पॉवर रिग्रेशन प्रारूप हवामान खात्याने वापरले. २००२ मध्ये दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता व त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ४ टक्के सांगितली होती. प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस झाला. जुलै महिना तर जवळजवळ निम्म्याने कोरडा गेला. म्हणजे पाऊस ९७ ते १०५ या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर पडला. २००३ मध्ये नवी प्रारूपे आली, २००७ पासून अनेक सांख्यिकीय प्रारूपांचा एकत्रित वापर सुरू झाला आणि २०२१ पासून गतिकीय हवामान प्रारूपांच्या समूहावर आधारित अंदाज दिले जाऊ लागले.

या घटनेचा अर्थ केवळ ‘अंदाज चुकला’ एवढाच नाही. आलेखातील पट्टा हा ‘जुने संबंध पुढेही टिकतील’ या गृहीतकाच्या आतील अनिश्चितता दाखवतो. ते गृहीतकच ढासळले तर पट्टाही आधार देत नाही. त्यामुळे पट्टा दाखवणे आवश्यक आहे, पण तो अंतिम सत्य मानणे धोक्याचे आहे.

जिल्ह्याच्या दृष्टीने

देशाची सरासरी घाटघरला लागू पडत नाही, तशी जामखेडलाही पडत नाही. अशा परिस्थितीत नगर तालुक्यातील हिवरे बाजारचा मार्ग उद्बोधक ठरतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे पाणलोटाची कामे झाली. पुढे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरवण्याची पद्धत रूढ झाली. भाकितावर सर्वस्व न लावता मोजलेल्या पाण्यावर निर्णय घेणे, हेच त्याचे सार होय. अशा नोंदी गावोगावी दीर्घकाळ ठेवल्या गेल्या, तर एका कोरड्या वर्षाचा परिणाम किती वर्षे रेंगाळतो, याचा आलेख तालुकानिहाय काढता येईल.

निष्कर्ष

१. एकाच आकड्यातील अंदाज अनिश्चितता व परिणामाचा कालावधी, दोन्ही झाकतो.
२. अनुरूपित प्रतिसादाचा आलेख या दोन्ही गोष्टी सामान्य वाचकाच्या नजरेस आणतो. मात्र त्याखालील गृहीतके स्पष्ट लिहिली पाहिजेत.
३. चारा, टँकर आणि कर्जवसुली यांचे नियोजन एका हंगामापुरते न करता, तुटीच्या संपूर्ण मार्गाचा विचार करून व्हावे.

वॉकर यांचा १९१४ चा इशारा आणि २००२ चा अनुभव एकत्र वाचले, तर संख्याशास्त्राच्या वर्गात समीकरणाबरोबर त्याच्या मर्यादांचा इतिहासही का शिकवावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.