तिसरी पिन

गोंदियातल्या जुन्या घरांचा वीजजोड पाहायचा तर मी आधी परसात जातो. तिथे खड्डा असतो: आत धातूचा पाइप, भोवती कोळसा नि मीठ, वर पाणी ओतायची जागा. हे अर्थिंग. वैशाखात माती कोरडी पडली की ते निकामी होत जाते, म्हणून त्याला पाणी पाजायचे.

परदेशी घरांतली उभी विजेची रेंज सात-आठ किलोवॉट सहज ओढते. ती आपल्याकडे रुजली नाही. आली ती कॉइलची शेगडी. २००० वॉट, २३० व्होल्ट, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. पंख्याच्या ५ अँपिअर सॉकेटला हे कसे झेपणार? त्यासाठी १५ अँपिअरचा जाड, गोल पिनांचा प्लग. हा घाट ब्रिटिशांच्या १९३४ सालच्या मानकातला. त्यातली तिसरी पिन मुद्दाम लांब: ती आधी जोडली जाते, शेवटी सुटते. कॉइल तुटून पत्र्याला टेकली, तर वीज रांधणारीच्या अंगातून न जाता तारेने जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठी. पुष्कळ घरांत मात्र सॉकेटला तिसरे छिद्र आहे, त्यामागे तारच नाही. याच जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या वीजकेंद्राची क्षमता ३३०० मेगावॉट आहे.