ठिपके उठवणारे कारागीर

ब्रेल लिपीचे श्रेय लुई ब्रेलला देऊन आपण पुढच्या धड्याकडे वळतो. ते श्रेय योग्यच आहे. १८२९ साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली. ठिपक्यांच्या सहा जागा, प्रत्येक जागी ठिपका उठलेला किंवा न उठलेला. म्हणजे कोरे घर सोडून ६३ आकृत्या. पण हे ठिपके उठवायचे कसे? पाटीत कागद अडकवून टोच्याने एकेक ठिपका टोचायचा, तोही मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे. वाचायचे तर कागद काढून उलटायचा. स्वत:चीच चूक शोधायला एवढा खटाटोप! (जाड कागद आणि बोथट खिळा घेऊन वर्गात पाच शब्द असे लिहून पाहा.)

१८९० मध्ये फ्रँक हॉल अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, जॅक्सनव्हिलच्या अंधशाळेचे प्रमुख झाले. टंकलेखन यंत्राला चाळीसेक कळा लागतात. ब्रेलला सहा पुरतील, शिवाय जागा सोडण्यासाठी एक. अक्षराच्या सगळ्या कळा एकदम दाबायच्या. कल्पना सोपी, करणी अवघड. कळ एक दाबा की सहा, ठिपके सारख्याच उंचीचे उठले पाहिजेत आणि गाडा नेमके एकच घर सरकला पाहिजे. हे काम गावातल्या गुस्ताव सीबर या बंदुकांच्या कारागिराने अंगावर घेतले. मला त्यात नवल वाटत नाही. चाप, खटका, स्प्रिंग यांच्याशी त्याचा रोजचाच संबंध! मे १८९२ मध्ये यंत्र लोकांपुढे आले. पुढे शिकागोच्या हॅरिसन आणि सीफ्रीड या टंकलेखन यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याने ते तयार केले.

एवढ्याने एकच प्रत निघते. पुस्तके छापायला ठिपके धातूच्या पत्र्यावर हवेत. त्या पत्र्यावर कागद दाबला की हव्या तेवढ्या प्रती. त्यासाठी कळा तशाच ठेवून कागदाऐवजी पत्रा वाकवण्याइतका जोर देणारे यंत्र करण्यात आले. चूक झाली तर ठिपका ठोकून सपाट करता येई. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडले होते. तेथे हेलन केलर हॉलना भेटली आणि तिने त्यांना मिठी मारली. हॉलनी या यंत्रांचे पेटंट घेतले नाही. त्याच वर्षी राज्यात सत्ताबदल झाला आणि त्यांची नोकरी गेली. १८९७ मध्ये ते परत आले.

नंतरचे प्रसिद्ध पर्किन्स यंत्रही बॉस्टनजवळच्या एका अंधशाळेत हस्तव्यवसाय शिकवणाऱ्या डेव्हिड अब्राहम यांनी घडवले. नमुना १९३९ चा. युद्धामुळे उत्पादन १९५१ पर्यंत लांबले. त्यालाही ठिपक्यांच्या कळा सहाच.