तीन-वीस, सात-वीस आणि गिझर

जुन्या वायरमनच्या तोंडी वायरचं माप अजूनही अपूर्णांकासारखं येतं. "दिव्याला एक-अठरा चालेल, गिझरला सात-वीस टाका." शनिवारी जालन्याच्या घरची बाथरूम उघडून बसलो होतो, तेव्हा हे आकडे कानावर पडले. म्हटलं, हे नेमकं आलं कुठून ते एकदा बघूच.

वाचायला सोपं आहे. ७/२० म्हणजे २० नंबरच्या ७ तारांचा पीळ. हा नंबर ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजचा, इंग्लंडात १८८४ पासून कायदेशीर झालेला. गंमत म्हणजे नंबर वाढला की तार बारीक होते. कारण तार भोकांतून ओढून ओढून बारीक करतात, आणि नंबर मुळात अशा किती ओढी झाल्या त्यावरून आलेला. म्हणजे हे मोजमाप कारखान्याच्या सोयीचं. त्यातून वीज किती जाईल, हे ते सांगतच नाही!

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जालना हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलं. कागदोपत्री राज्य बदललं, मापं बदलली, वायरमनची जीभ मात्र बदलली नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लेगसी म्हणतो.

आता जरा गणित. २० नंबरच्या तारेचा व्यास ०.९१४ मिलिमीटर, म्हणजे ७/२० चं क्षेत्रफळ ४.६ चौरस मिलिमीटर. त्याच्या जवळची मेट्रिक वायर ४ ची. ७/२२ भरते २.७८, मेट्रिक अडीच. ३/२२ भरते १.१९, मेट्रिक १. प्रत्येक वेळी जवळचा मेट्रिक आकडा थोडा बारीकच निघतो. आणि ३/२० तर १.९७, दीड आणि अडीचच्या अगदी मध्ये लटकलेली. तिच्या जागी दुकानदाराने कुठली द्यायची? दिव्या-पंख्याला दीड दिली तरी कुणाचं बिघडत नाही. पाणी तापवायला मात्र बिघडतं.

त्यात भर ॲल्युमिनियमची. तांबं आपल्याकडे कमी, बरंचसं आयात करावं लागे, म्हणून साठ-सत्तरच्या दशकात घराघरांत ॲल्युमिनियमच्या वायरी पडल्या. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या जवळजवळ १.६ पट. वर त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि स्क्रूखाली ते हळूहळू दबून जोड ढिला होतो. स्विचबोर्ड काळा पडलेला दिसला की पहिला संशय ढिल्या जोडावर घ्यावा. आमच्या घरात लाकडी पट्टीवरची अशी १/१८ ची लाईन अजून होती, तीही थेट बाथरूमपर्यंत.

ती टाकली तेव्हा बाथरूममध्ये एक दिवा होता. पाणी तांब्याच्या बंबात तापायचं, लाकडं आणि गोवऱ्यांवर. नंतर त्याच लाईनवर गिझर चढला.

३ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला १३ अँपिअर खेचतो. बोर्डापासून बाथरूम २० मीटर धरलं तर जाऊन-येऊन ४० मीटर तार. १/१८ ॲल्युमिनियममध्ये साधारण १६० वॉट भिंतीतच जळतात. म्हणजे सोल्डरिंग आयर्नपेक्षा कितीतरी जास्त उष्णता, पसरलेली असली तरी, आणि जिथे जोड ढिला तिथे ती गोळा होते. तांब्याच्या अडीचमध्ये हेच ४६ वॉट, ४ मध्ये २९.

मग इतकी वर्षं ही घरं पेटली कशी नाहीत? माझ्या मते एक कारण म्हणजे मराठवाड्यातलं कमी व्होल्टेज! १८० व्होल्टला गिझरची ताकद सरळ ६१ टक्क्यांवर येते, आणि वायरमधली उष्णताही तितकीच उतरते. पाणी कोमट यायचं आणि आपण मंडळाला शिव्या द्यायचो. तीच गोष्ट वायर वाचवत होती, हे कुणाच्या गावी नव्हतं. (याच शहराच्या एमआयडीसीत लोखंड वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या मेगावॉटच्या हिशोबात वीज घेतात. घरात मात्र दीड की अडीच यावर घोळ!)

फ्यूजचं तर बोलायलाच नको. किटकॅटमधली तार सारखी उडते म्हणून दुहेरी तार लावणारे आपल्याकडे कमी नाहीत. खरं तर फ्यूज हा वायरचा रखवालदार. तो जाड केला की सगळ्यात कमजोर कडी वायरच ठरते.

हे सगळं काढायचं निमित्त म्हणजे लेस्टरहून आलेला माझा मावसभाऊ. त्याला तिकडच्यासारखा इलेक्ट्रिक शॉवर हवा होता, साडेआठ किलोवॉटचा, टाकी नाही, नळ सोडला की गरम. ३७ अँपिअर! तिकडे त्याला १० चौरस मिलिमीटरची स्वतंत्र केबल घालतात. इतकी ताकद लागते कारण तिकडचं हिवाळ्यातलं पाणी बर्फासारखं. ते ३० अंशांनी तापवायचं, तर साडेआठ किलोवॉटमध्येही मिनिटाला जेमतेम ४ लिटर मिळतं.

आपली बादली इथे उपयोगी पडते. १५ लिटरचा २ किलोवॉटचा गिझर तेवढंच पाणी ३५ अंशांनी तापवायला १८-१९ मिनिटं घेतो, पण खेचतो फक्त ८.७ अँपिअर. घाई नसली की वायर बारीक चालते. बंबाचंही तत्त्व हेच होतं, आधी तापवून ठेवा.

भावाला कागदावर आकडे मांडून दाखवले. मीटरपासून आत येणारी लाईन, मंजूर लोड, अर्थिंग, सगळंच बदलावं लागलं असतं. त्याने थोडी कुरकुर केली. शेवटी बाथरूमला तांब्याची ४ ची स्वतंत्र लाईन पाइपातून नेली, सोबत अर्थची तार, बोर्डावर २० अँपिअरचा एमसीबी आणि आरसीसीबी. अडीचवर भागलं असतं, पण उन्हाळ्यात इथल्या भिंती तापतात आणि तापलेल्या पाइपात वायरची क्षमता घटते, म्हणून एक पायरी वर गेलो.

वायरमनकाका वेटोळं हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे सात-वीसच की!" ४.६ आणि ४ चा फरक मी त्यांना सांगितला. ते हसले आणि वायर ओढायला लागले.